एक पाय घसरगाडीत

जगात आजवर जेवढे थोर कादंबरीकार होऊन गेले, त्यांच्या कादंबऱ्यांची काळजी विद्वानांनी वाहिली असेल, पण त्यांच्या जेवणाची काळजी वाहिली ती एकाच बाईने, आणि ती बाई म्हणजे माझी विहीण. माझ्या सुनेची आई. हे मी उगाच फुगवून सांगत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या रशियन, इंग्रज आणि फ्रेंच लेखकांना नागपुरात, लकडगंजच्या मागच्या एका गच्चीवर, दरवर्षी पळसाच्या पत्रावळीवर उडदाचे वडे आणि तांदळाची खीर मिळत होती. त्यांच्या त्यांच्या देशांत याचा कोणाला पत्ता नव्हता, एवढंच.

आमची पहिली भेटच सुतकात झाली. मुलाने मुलगी स्वतःच पसंत करून ठेवली होती, त्यामुळे आम्हाला फक्त पोहे खायचं काम उरलं होतं. मी मुलाची आई. ठेवणीतली साडी, ताठ मान, आणि चेहऱ्यावर ‘बघू, विचार करू’ असा भाव घेऊन गेले होते. दार विहीणबाईंनी उघडलं. डोळे रडून लाल झालेले. मला वाटलं, मुलगी सासरी जाणार म्हणून बाई आत्तापासूनच सुरू झाल्या. पण माझ्या हातात पोह्यांची बशी देताना त्यांना हुंदका फुटला.

“काय झालं?” मी विचारलं.

“गेली जी,” त्या म्हणाल्या. “आज सकाळीच. बाळंतपणात. लेकरू वाचलं, पण आता त्याले कोण पाहीन?”

आमच्या ह्यांनी चमचा खाली ठेवला. मी गहिवरून म्हटलं, अशा वेळी आम्ही यायलाच नको होतं, बोलणी तेरावं उरकल्यावर करू. मग जरा अदबीने विचारलं, “जवळच्या होत्या का?”

“जवळची म्हणजे? दिवाळीपासून घरातच होती.”

तेवढ्यात आतून मुलगी पाण्याचे पेले घेऊन आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “काकू, तुम्ही पोहे खा. आई कादंबरी वाचून राहिली आहे.” त्याच क्षणी मी मनात ठरवून टाकलं की हीच सून करायची. आईचा असा कारभार जी इतक्या थंड डोक्याने सांभाळते, तिला आमचं घर म्हणजे किस झाड की पत्ती.

खरं तर मला हसायचा अधिकार नव्हता. कॉलेजात मीही याच जुन्या थोर कादंबऱ्या वाचल्या होत्या, म्हणजे काखेत धरून सीताबर्डीभर फिरवल्या होत्या. जाडजूड पुस्तक छातीशी, एक वेणी पुढे, आणि नजर दूर क्षितिजावर, ती रस्त्यावरच्या शेणात पाय पडेपर्यंत. त्या नायिका फिकट असत, खोकत, आणि खिडकीशी बसून बर्फाकडे बघत उसासे टाकत. मलाही फिकट व्हायचं होतं. पण नागपूरच्या मे महिन्यात माणूस फिकट होत नाही, नुसता करपतो. खिडकीशी बसावं तर तिला वाळ्याची ताटी बांधलेली, आणि उसासा टाकावा तर आई म्हणे, “ताटीवर पाणी मार, उसासे काय टाकून राहिली?” शेवटी मी निदान नवरा तरी खोकणारा केला. मला बघायला आलेला हा उंच, किडकिडीत तरुण रुमाल तोंडाशी धरून असा काही खोकला की माझं काळीज जागच्या जागी विरघळलं. याला काहीतरी गहिरं दुःख आहे, मी ठरवलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं की तो खोकला खर्र्याचा होता. सुपारी आणि तंबाखू घोटून केलेल्या आपल्या नागपुरी खर्र्याचा. गहिरं दुःख मग माझ्या वाट्याला आलं.

तर मी त्या कादंबऱ्या अशा मिरवल्या, आणि विहीणबाईंनी त्या सोयरीक जुळवल्यासारख्या वाचल्या. लेखकांना त्या नावाने कधी हाक मारत नसत. सासरच्या माणसांचं नाव घेऊ नये अशी त्यांची शिकवण, आणि लेखक त्यांनी सासरकडच्या बाजूला टाकलेले. त्यामुळे थोरला रशियन, मधला रशियन, धाकटा रशियन, ती बिनलग्नाची इंग्रजीण, आणि तो सर्दीवाला फ्रेंच. सर्दीवाला का, तर त्याच्या प्रत्येक कादंबरीत पाऊस आणि चिखल, “म्हणजे माणूस कायम ओलाच राहत असन.” थोरल्या रशियनावर त्यांचा राग होता. “शेतीचं इतकं लिहिते, पण नांगराले हात लावला का कधी?” मधल्याची मात्र त्यांना फार चिंता. तो कोणालाच पोटभर जेवू देत नाही, त्याची माणसं नुसती चहा पितात आणि ओरडतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

कादंबरीचा नायक पहिल्यांदा आला की त्या पुस्तक बाजूला ठेवून विचारत, “करते काय हा पोरगा?” बहुतेक ठिकाणी तो काहीच करत नसे, नुसता घोड्यावर बसून यायचा. मग त्या मान हलवत. नायिकेच्या सगळ्या दुःखाचं मूळ त्यांच्या मते एकच होतं, घरात मावशी नसणं. “एक मावशी पायजे होती जी. जरा जाडी, बोलभांड. हा घोडेवाला फाटकात आल्याबरोबर तिनं विचारलं असतं, काहून आला गा? बस, कादंबरी तिथंच आटोपली असती आणि पोरगी सुखाची राहिली असती.” एकदा मी म्हटलं, पण मग आपण वाचलं काय असतं? त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर मी करमणूक मागत होते.

दुपारी त्यांच्या गच्चीवर कुरडया घालायला आळीतल्या बाया जमत, आणि विहीणबाईंच्या तोंडून अख्खा युरोप त्या बायांच्या कानांवर पडे. सरदार-उमराव त्या सरळ मालगुजार करून टाकत. मालगुजाराची बायको मखमलीचा झगा घालून नाचाच्या दिवाणखान्यात शिरे आणि म्हणे, “काहून वं, तू माह्या नवऱ्यासंगं नाचून राहिली?” मग कुरडईचा सोऱ्या हातात तसाच राहून बाया ऐकत. मी नाक मुरडून म्हणाले होते, “विहीणबाई, मूळ लेखकाला हे वाचवलं नसतं.” त्या म्हणाल्या, “त्याले कुरडया येतात का?” आणि सोऱ्या माझ्या हातात दिला.

आता त्या जेवणाचं. सर्वपित्री अमावस्येला आपण घरातल्या सगळ्या गेलेल्यांना पान वाढतो. विहीणबाईंनी कधीतरी वाचलं की या लेखकांपैकी कोणाला मूलबाळ नव्हतं, कोणाचं घरच्यांशी पटत नव्हतं, आणि त्यांच्या गावी मेलेल्या माणसाला जेवू घालायची रीतच नाही. फुलं नेऊन ठेवतात म्हणे. “फुलं काय खाते माणूस?” असं म्हणून त्यांनी त्या वर्षीपासून घरच्यांच्या पानांशेजारी या लोकांची पानं मांडायला सुरुवात केली. पंगतीत भेदभाव नव्हता, पण पथ्य होतं. इंग्रजिणीच्या पानावर मिरचीचा ठेचा नाही. सर्दीवाल्याला कढी गरम. मी कुचेष्टेने विचारलं, “परदेशी माणसं, त्यांना नागपूरचा कावळा कसा ओळखणार?” त्या म्हणाल्या, “तिकडेबी कावळे असतीलच जी. त्याईले कोणी काम सांगत नाई, एवढंच.”

मी दरवर्षी हा सोहळा पाहायला मुद्दाम जात असे, वर तोंडाने भक्तिभाव दाखवत असे. एका वर्षी काय झालं, बाकी सगळ्यांच्या पानांना कावळे पटापट शिवले, इंग्रजिणीची तर खीरसुद्धा उरली नाही, आणि धाकट्या रशियनाचं पान तसंच. कावळा कठड्यावर बसलाय, मान तिरकी करून बघतोय, पण पुढे यायचं नाव नाही. आपल्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा अडतो, आणि मग घरातल्या कोणीतरी ती पुरी करण्याचं वचन द्यावं लागतं. विहीणबाई कासावीस झाल्या. खीर बदलून पाहिली, वडा फोडून ठेवला. ऊन चढत होतं, आम्ही उपाशी होतो. मी तेव्हा नुकतीच आजी झालेली, पण अक्कल अजून परकर-पोलक्यातली. मला एकदम चेव आला.

“विहीणबाई,” मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, “याची शेवटची कादंबरी अर्धवट राहिली होती ना?”

ती गोष्ट त्यांच्याकडून आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. एका पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी. घरी म्हातारा बाप आणि गिरणी, नदीपलीकडे तिची वाट पाहणारं कोणीतरी. नदी गोठलेली. बर्फावरची घसरगाडी दाराशी आली आहे, घोडे फुरफुरताहेत. मुलीने एक पाय गाडीत ठेवला आहे, एक अजून बर्फावर आहे, आणि तिथेच लेखक वारला. पुढे कोरं पान.

माझं वाक्य ऐकताच विहीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला, कावळ्यासमोर हात जोडले आणि म्हणाल्या, “पूर्ण करीन गा बापा तुयी गोष्ट. माह्या हातानं करीन. जेव आता.”

आणि तो मेला कावळा खाली उतरला आणि वडा घेऊन उडाला.

जेवताना मी हसत म्हटलं, “अहो, मी गंमत केली.” त्या हसल्या नाहीत. त्यांचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. वडील मागावर बसत, आणि या लहानपणी मांडीवर पुस्तक ठेवून त्यांना सुताच्या कांड्या भरून देत. “आमच्या घरी रीत होती,” त्या म्हणाल्या. “विणणारा माणूस गेला आणि मागावर लुगडं अर्धं असलं, तर ते कापत नाई. घरातलं दुसरं कोणी बसते आणि पुरं करते. हात बदलला की कापडात कळते. तिथं जरा घट्ट होते, नाही तर जरा ढिलं. कळू द्यावं. पण अर्धं ठेवू नये.”

तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत त्या मुलीच्या पायाशिवाय दुसरा विषय उरला नाही. विहीणबाईंना भेटलेल्या प्रत्येक माणसाला तोच प्रश्न असे: “चढली का उतरली?” दूधवाला म्हणाला, चढली, इतक्या थंडीत घोडे किती वेळ थांबतील? माझा मुलगा म्हणाला, उतरली, कारण बापाचं बीपी. आमचे हे खर्रा एका गालात सारून म्हणाले, “गाडीवाल्यालाच घरात बोलवा, चहा द्या, मग बघू.” विहीणबाई प्रत्येक उत्तर मनापासून ऐकत, आणि मग म्हणत, “तसं नाई जी.” तोवर शाळेत जाऊ लागलेल्या नातीने शेवटी मोबाईललाच विचारून तीन वेगवेगळे शेवट काढून आणले. त्या तिन्हींत मुलीला शेवटी स्वतःचा शोध लागत होता. विहीणबाईंनी ते चष्मा लावून वाचले. “तिघीईले स्वतःचा शोध लागला,” त्या म्हणाल्या, “पण गाडीत जागा एकीलेबी नाई भेटली. आणि या फोननं कावळ्याले वचन देल्लं होतं का?”

मला एव्हाना त्या मुलीचा राग यायला लागला होता. पण विहीणबाईंना तिची दया येई. जेवता जेवता हात थांबवून म्हणत, “इतक्या वर्षांपासून उभी आहे वो ती. पाय आखडला असन.”

आणि एका मे महिन्यात, पारा फुटायच्या बेतात असताना, त्या ऑटो घेऊन माझ्या दाराशी आल्या. “चला, बर्फाच्या कारखान्यात जाऊ.” मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. पण त्यांचं म्हणणं असं की आपण दोघी नागपूरच्या, आपण फ्रीजपलीकडे बर्फ पाहिला नाही, आणि त्या मुलीने काय केलं हे ठरवायला बसलो. आधी बर्फावर उभं राहून पाहायला नको का?

कारखान्यातल्या माणसाने विचारलं, “काकू, लादी लग्नाले पायजे का रसवंतीले?”

“न्यायची नाई गा,” विहीणबाई म्हणाल्या. “फक्त उभं राहाचं आहे.”

तो भला माणूस असावा. त्याने भुशातून एक लादी ओढून काढली, वर गोणपाट टाकायला गेला, तर विहीणबाई म्हणाल्या, “नको, रशियात गोणपाट नव्हतं.” आणि उभं कोणी राहायचं? तर मी. कारण त्यांचे गुडघे दुखत होते, आणि प्रश्न मुळात मीच उपस्थित केला होता. ज्या बाईने तरुणपणी बर्फाकडे बघत उसासे टाकायची स्वप्नं पाहिली, ती साठी उलटल्यावर पाचवारी गुडघ्यापर्यंत वर धरून, एक पाय स्टुलावर आणि एक अनवाणी पाय बर्फाच्या लादीवर, अशी हमालांच्या घोळक्यात उभी राहिली. मी उसासा टाकला नाही. मी बोंबलले.

“आता सांगा,” विहीणबाई माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, “काय वाटते? चढावं वाटते का उतरावं?”

“मला घरी जावंसं वाटतंय,” मी दात वाजवत म्हटलं.

त्यांनी मान हलवली. “हेच. तिलेबी घरीच जाचं असन. पण तिचं घर कोणतं, हे तिले ठाऊक नाई.”

परतताना ऑटोत त्यांनी माझा बधिर पाय मांडीवर घेतला आणि पदराने चोळायला लागल्या. मुलाच्या आईचा पाय मुलीच्या आईने चोळावा, हा जुन्या काळी केवढा मान. मी तो पुरेपूर उपभोगत होते. रस्त्यात एक एस्टी धूळ उडवत बाजूने गेली, तेव्हा त्या बाहेर बघत म्हणाल्या, “मीबी उभी होती जी एकदा. उमरेडच्या स्टँडवर. पुढे शिकाले नागपूरले निघाली होती. बाबा गेले होते, घरी आई एकटी मागावर. एक पाय एस्टीच्या पायरीवर, एक खाली.”

त्यांचं शिक्षण किती, हे मी कधी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत फक्त त्या किती वाचतात हेच पाहिलं होतं.

“मग?” मी विचारलं. “चढलात की उतरलात?”

“कंडक्टरनं डबल बेल मारली,” त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मग ऑटोवाल्याला म्हणाल्या, “इथंच घे गा डावीकडे.”

घरी येऊन मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, “आई कधी म्हणते चढली, कधी म्हणते उतरली. आम्ही विचारायचं सोडून दिलं.” तेव्हा मला कळलं की धाकट्या रशियनाची गोष्ट या बाईकडून का पुरी होत नाही. आणि त्यानंतर मी त्या विषयावर थट्टा करायचं सोडलं. म्हणजे कमी केलं. अगदी सोडणं माझ्या स्वभावात नाही.

मागच्या वर्षी, श्रावण लागायच्या आधी, विहीणबाई गेल्या. दुपारी वाचता वाचता डोळा लागला, तो लागलाच. सून पुस्तक बाजूला ठेवताना म्हणाली, “तिसऱ्या प्रकरणातच होती. बरं झालं, चौथ्यात कोणीतरी मरतं.” आणि मग इतकी रडली की तिला सावरायला मला माझं रडणं पुढे ढकलावं लागलं. दहाव्याला घाटावर पुरुषमंडळी गेली होती. कावळा शिवला म्हणून सांगत आली. पण घाटावरच्या कावळ्यांवर माझा विश्वास नाही, ते कोणालाही शिवतात. मी गच्चीवरच्या कावळ्याची वाट पाहत होते.

वर्ष सरलं आणि यंदाची सर्वपित्री आली. विहीणबाईंच्याच घरी सून आणि मी पहाटेपासून स्वयंपाकाला लागलो. पानं सगळी मांडली. घरचे, मग थोरला, मधला, धाकटा, इंग्रजीण ठेच्याविना, सर्दीवाल्याची कढी गरम. आणि या सगळ्यांच्या मध्ये विहीणबाईंचं पान. मला पक्कं ठाऊक होतं काय होणार ते. दिलेलं वचन पुरं न करता बाई गेल्या होत्या, त्यांचं पान अडणारच. मी वाक्य तयार ठेवलं होतं, पदरही नीट घेतला होता. खरं सांगायचं तर त्यांनी जरा अडावं, माझी गरज लागावी, अशी माझी फार इच्छा होती.

मी पत्रावळ खाली ठेवून हात मागे घेते न घेते तोच कावळा आला आणि विहीणबाईंच्या पानावरचा वडा घेऊन गेला. एक क्षणही थांबला नाही. मी हात अर्धे जोडलेल्या अवस्थेत तशीच उभी. इतका अपमान मला लग्नाच्या मानपानातही कोणी केला नव्हता.

“तुमच्या हातचे वडे ना, आई,” सून डोळे पुसत म्हणाली. “म्हणून माझी आई लवकर आली.”

मग दुसरा कावळा आला. थोरल्याला शिवला, मधल्याला शिवला, इंग्रजिणीची खीर संपवली. आणि धाकट्या रशियनाच्या पानापाशी येऊन थांबला. मान तिरकी करून माझ्याकडे बघायला लागला.

म्हणजे बाई स्वतः मोकळ्या झाल्या, आणि रशियनाला माझ्या गळ्यात घालून गेल्या.

ऊन चढत होतं. सून माझ्याकडे बघत होती. मी पुणेरी शुद्ध मराठीत तयार ठेवलेलं वाक्य ऐन वेळी तोंडातून निघेना. निघालं ते असं: “करीन गा बापा. जेव आता.”

तेव्हापासून रोज दुपारी मी टेबलाशी बसते. तरुणपणी जी बाई कादंबऱ्या काखेत मिरवत होती, तिच्यावर म्हातारपणी कादंबरी लिहायची वेळ आली आहे, हे तिच्या कर्माला साजेसंच आहे. आतापर्यंत एक वाक्य झालं आहे: ‘गाडीवानाने डबल बेल मारली.’ रशियात घसरगाडीला बेल नसते, घोडे असतात, हे मलाही कळतं. वाचणाऱ्याला तिथे हात बदललेला जाणवेल. जाणवू दे. पुढे ती चढते की उतरते, ते अजून नक्की नाही. पण तिला मी एक जाडी, बोलभांड मावशी दिली आहे. मावशीच्या खांद्याला धरून ती उभी आहे, म्हणजे पाय तरी आखडायचा नाही.